हौसा-फुलानी शेतकरी गावात जायचं तर

उत्तर नायजेरियाच्या गवताळ पट्ट्यात हौसा (मुख्यतः शेतकरी) आणि फुलानी (परंपरेने गुराखी) लोक राहतात. त्यांच्या गावात पाहुण्याचं सगळं बरं-वाईट पहिल्या तासाभरात ठरतं. तुम्ही आधी कोणाकडे गेलात, दारात कुठे थांबलात आणि रामराम-विचारपूस किती सावकाश केलीत, हे लोक बारकाईने पाहतात.

निघण्याआधी सुरक्षिततेची चौकशी करा, ही पायरी गाळू नका. झामफारा, कात्सिना आणि कदुना या राज्यांच्या ग्रामीण भागांत सशस्त्र टोळ्यांकडून अपहरणं होतात. कुठला रस्ता मोकळा आहे हे नकाशा सांगत नाही, त्या गावचा ओळखीचा माणूस सांगतो. असा माणूस नसेल तर जाऊच नका. नायजेरियात प्रवेशासाठी पिवळ्या तापाच्या लसीचं कार्ड लागतं. मलेरियाच्या प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरांना विचारून सुरू करा. डिसेंबर ते जून हा त्या पट्ट्यात मेंदूज्वराचा हंगाम असतो, तेव्हा त्याचीही लस घ्या.

नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ उत्तम. बाजरी सप्टेंबरमध्येच निघालेली असते, भुईमूग त्यामागोमाग. ज्वारीची कापणी वर्षअखेरीपर्यंत चालते, त्यामुळे कामही दिसतं आणि लोकांना थोडी उसंतही असते. हरमॅटन वारा सहारातली धूळ आणतो, रात्री चांगल्याच गार होतात. पांघरूण आणि नाकातोंडाला फडकं घ्या. मार्च-एप्रिलमध्ये पारा चाळिशी गाठतो. पावसाळ्यात कच्चे रस्ते वाहून जातात आणि ज्याला भेटायचं तो शेतावर असतो. रमजानमध्ये गेलात तर दिवसा चारचौघांत खाऊ-पिऊ नका.

उत्तरेतलं मोठं शहर कानो, तिथल्या गाडीतळाला ताशा म्हणतात. तिथली शेअर गाडी भरल्याशिवाय हलत नाही; मोकळं बसायचं असेल तर दोन जागांचे पैसे द्या. सकाळीच निघा, अंधारात प्रवास नकोच. पुढचा टप्पा बहुधा मोटारसायकलवर, म्हणजे अचाबावर होतो. भाडं बसण्याआधी ठरवा. रोख नायरा जवळ हवेत, त्यातही १०० आणि २०० च्या नोटा जास्त. १,००० ची मोडून मिळणं गावात अवघड.

गावात उतरल्यावर सरळ माई उंग्वा, म्हणजे वाडीचा मुखिया, यांच्याकडे जा. मोठं गाव असेल तर तो माणूसच तुम्हाला दगाचीकडे, म्हणजे गावप्रमुखाकडे, नेईल. सोबत मूठभर गोरो, म्हणजे कोला झाडाच्या चघळायच्या बिया, न्या. त्या पानांत गुंडाळून ओलसर ठेवाव्या लागतात; सुकून सुरकुतलेल्या दिल्या तर मानापेक्षा निष्काळजीपणाच दिसतो. साखर आणि साबणही चालतो. उजव्या हाताने किंवा दोन्ही हातांनी द्या, डाव्याने कधीच नाही. चपला चटईबाहेर काढा, वडीलधाऱ्यांसमोर थोडं खाली वाका, हस्तांदोलनासाठी हात आपणहून पुढे करू नका. सकाळी ‘इना क्वाना’, दुपारनंतर ‘इना वुनी’. उत्तर ‘लाफिया लौ’. मग घर कसं, काम कसं, पीक कसं, अशी चौकशी चालू राहते. ती मध्येच तोडून कामाचं बोलायला लागणं उद्धटपणा समजला जातो.

कोणाच्याही घरी आवाराच्या तोंडाशी झौरे नावाची खोली असते. बाहेरूनच ‘सलामु अलैकुम’ म्हणा आणि थांबा. तिसऱ्या हाकेलाही उत्तर नाही आलं तर परत फिरा. पुरुष पाहुण्याची मर्यादा इथेच संपते: गप्पा, जेवण, सगळं झौरेतच. आतलं अंगण बायकांचं, कित्येक घरांत परदा कडक असतो. बाई पाहुणी असेल तर तिला आत बोलावतात, आणि घराची खरी माहिती तिलाच मिळते. म्हणून जोडीने जाणं फार फायद्याचं. कपडे सैल आणि अंगभर, बायकांनी डोकं झाकावं, पुरुषांनी अर्धी चड्डी घालू नये. अंगणात ठेवलेली प्लॅस्टिकची चोचवाली बुटा हातपाय धुण्यासाठी आणि वजूसाठी, म्हणजे नमाजाआधीच्या धुण्यासाठी, असते, पिण्यासाठी नव्हे.

पाणी ‘प्युअर वॉटर’च्या पिशवीतलं प्या, पिशवीवर नाफडाकचा, म्हणजे तिथल्या अन्न-औषध नियामक संस्थेचा, नोंदणी क्रमांक आहे ना बघा. कढईतून काढलेले गरम कोसाई, म्हणजे चवळीच्या डाळीचे वडे, बिनधास्त खा. तुवो, म्हणजे पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा, आणि बाओबाबच्या (गोरखचिंचेच्या) पाल्याची आमटी, मियार कुका, गरम असेल तर तीही. फुरा दा नोनोबाबत मात्र सावध राहा. आलं-लवंग घातलेल्या बाजरीच्या पिठाचे उकडलेले गोळे आंबवलेल्या दुधात कुस्करतात. फुलानी बायका ते भोपळ्याच्या तुंब्यांतून विकतात, चव अप्रतिम. पण दूध बहुधा न तापवलेलं असतं आणि त्यात मिसळलेलं पाणी कुठलं हे कळत नाही. पोट बिघडतं, ब्रुसेलोसिसचा, म्हणजे कच्च्या दुधातून होणाऱ्या तापाच्या आजाराचा, धोकाही राहतो. ‘ना कोशी’, म्हणजे पोट भरलंय, म्हटलं की कोणी आग्रह धरत नाही.

बाजार ठरलेल्या वारी भरतो. धान्य किलोवर नाही, मुडूवर, म्हणजे वाडग्यावर, शीग लावून मोजतात. वर थोडं जास्तीचं मिळतं त्याला ग्यारा म्हणतात, ते हक्काने मागा. गुरांच्या बाजारात दिलाली, म्हणजे दलाल, मध्ये असतो. त्याला वगळून थेट मालकाशी बोलू नका. फुलानी गुराख्याला गाई किती हा प्रश्न विचारणं म्हणजे बँकेत शिल्लक किती हे विचारण्यासारखंच. गुरं कशी आहेत, चारा कसा आहे, एवढं पुरे. त्यांच्यात संयमाला, मोजकं बोलण्याला मान आहे. गप्प बसले म्हणून नाराज समजू नका.

उभ्या पिकातून चालू नका. सुगीनंतर कडब्यावर गुरं सोडणं आणि त्यांच्या शेणाने रान खतावणं यावर शेतकरी आणि गुराखी यांच्यात जुनी देवघेव चालते, पण पीक तुडवलं गेलं की तंटे होतात आणि ते जिवावरही बेततात. त्या भांडणात बाजू घेऊ नका, वादाच्या जागी फोटो काढू नका. एरवीही फोटोआधी विचारा. पोलिसांच्या नाक्यांचे तर कधीच नकोत.

परत निघण्याचा दिवस माई उंग्वांना आदल्या दिवशीच सांगा. बाजाराच्या दिवशी गाड्या भरपूर असतात. इतर दिवशी पहाटेच्या नमाजानंतर एखादीच सुटते, ती चुकली तर मुक्काम वाढतो.