कोलोराडोच्या डोंगरात एल्कची शिकार : निघण्यापूर्वीची तयारी

एल्क हा आपल्या सांबराचा उत्तर अमेरिकेतील थोरला भाऊबंद. कोलोराडोतील रॉकी पर्वतात पूर्ण वाढलेला नर सुमारे ३०० किलोचा असतो आणि हाडे काढून टाकल्यावरही त्याचे ९० ते १०० किलो मांस हाती येते. रस्त्यापासून पाच किलोमीटर आत असे जनावर पडले आणि पाठीवर एका वेळी २५ किलो पेलत असेल, तर एकट्या माणसाला चार खेपा म्हणजे येऊन-जाऊन ३५ किलोमीटर चालावे लागते, आणि तंबूचे सामान त्याखेरीज. म्हणून रायफल निवडण्याआधी हा हिशेब मांडावा आणि आपण किती आत जायचे हे त्यावरूनच ठरवावे. माझ्या मते पहिल्या वर्षी तीन किलोमीटरच्या पुढे जाऊ नये आणि जोडीदाराशिवाय तर मुळीच जाऊ नये.

वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे भारतात शिकारीला बंदी आहे, त्यामुळे तिकडून अमेरिकेत आलेल्या आपल्यापैकी बहुतेकांना ही विद्या घरात मिळालेली नसते. १ जानेवारी १९४९ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला कोलोराडोत परवान्यासाठी शिकार-प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र लागते. ते हिवाळ्यातच मिळवावे, कारण मर्यादित परवान्यांच्या सोडतीची मुदत एप्रिलच्या सुरुवातीलाच संपते. एच-१बीसारख्या बिगर-स्थलांतरित व्हिसावर असलेल्यांना संघीय कायद्याने बंदूक आणि काडतुसे बाळगण्यास मनाई आहे. वैध शिकार-परवाना हा त्यातील एक मान्य अपवाद आहे. तेव्हा परवाना हाती येईपर्यंत मित्राची रायफल सरावापुरतीही हातात घेऊ नये आणि शंका असल्यास वकिलाला विचारावे. रायफलच्या हंगामात कमरेच्या वर किमान ५०० चौरस इंच भडक नारिंगी किंवा गुलाबी कापड आणि सर्व बाजूंनी दिसेल अशी त्याच रंगाची टोपी सक्तीची आहे. अनेक विभागांत नराच्या एका शिंगाला किमान चार टोके असावी लागतात किंवा कपाळालगतचे टोक पाच इंचांचे असावे लागते, म्हणून दुर्बिणीतून शिंगे मोजण्याची सवय आधीच करावी.

शरीराची तयारी चार-पाच महिने आधी सुरू करावी. पाठीवर १० किलो घेऊन चढणीवर चालायला लागावे आणि वजन हळूहळू २५ किलोपर्यंत न्यावे. उतरण्याचा सराव अवश्य करावा, कारण मांस आणताना गुडघे उतारावरच जवाब देतात. बूट याच सरावात पायाला बसवून घ्यावेत. प्रत्यक्ष शिकारीपूर्वी दोन-तीन रात्री सुमारे २,५०० मीटर उंचीवर काढाव्यात. डोके दुखून मळमळू लागल्यास आणखी वर चढू नये. तोल जाऊ लागला किंवा बसल्या जागी धाप लागली, तर रात्र असली तरी खाली उतरावे. सुती कपडे घामाने भिजले की वाळत नाहीत, म्हणून अंगालगत लोकरीचेच कपडे घालावेत.

एल्क पहाटे आणि सांजवेळी गवताळ उघड्यावर चरतो आणि दिवसा उत्तरेकडच्या उतारांवरील दाट, गार झाडीत बसून राहतो. नजरेपेक्षा त्याचे नाक घातक आहे. स्वच्छ हवेत पहाटे गार वारा दरीकडे उतरतो, ऊन तापल्यावर तोच वर चढू लागतो आणि सूर्य कलल्यावर पुन्हा खाली वळतो. खिशात बारीक भुकटीची लहान बाटली ठेवावी आणि दर काही मिनिटांनी ती दाबून पाहावी. भुकटीचा तो फिकट ढग प्रथम सरळ जातो आणि वीस पावलांवर एखाद्या घळीपाशी अचानक वळतो. ते वळण ज्याला दिसले, त्याला आपला वास कुठे पोहोचतो आहे हे कळले. वारा फिरला तर हट्ट न करता मागे यावे आणि दुसऱ्या बाजूने जावे.

जनावर पडल्यावर घाई खरोखरच लागते. दाट केसांच्या जाड कातड्याखाली उष्णता कोंडून राहते. बाहेर दव गोठले तरी जमिनीला टेकलेली बाजू हाताला ऊनच लागते आणि मांडीच्या हाडालगतचे मांस आंबू लागते. म्हणून पोट न उघडता एका बाजूचे कातडे सोलावे, पुढचा आणि मागचा पाय व पाठीचे मांस काढून घ्यावे, मग जनावर उलटून दुसरी बाजू करावी. कण्याखालचे आतले कोवळे मांस सोडू नये. जनावर नर की मादी याचा नैसर्गिक पुरावा मांसाला जोडलेलाच ठेवावा. मांस हवा खेळेल अशा कापडी पिशव्यांत घालून सावलीत, तंबूपासून दूर, अस्वलाच्या पोहोचेबाहेर टांगावे. मांस टाकून केवळ शिंगे नेणे हा तेथे गंभीर गुन्हा आहे.

जाण्यापूर्वी आपला मार्ग आणि परतीची वेळ घरी लिहून द्यावी आणि उपग्रहावरून संदेश पाठवणारे यंत्र बरोबर ठेवावे. गाडीत बर्फ भरलेले आइसबॉक्स तयार असावेत. हरणांच्या मेंदूला होणारा क्रॉनिक वेस्टिंग रोग कोलोराडोत आढळतो, म्हणून जनावराचे डोके कोलोराडो पार्क्स अँड वाइल्डलाइफ या राज्याच्या वन्यजीव खात्याच्या केंद्रावर तपासणीसाठी द्यावे आणि अहवाल येईपर्यंत मांस नाव-तारीख घालून गोठवून ठेवावे. तोवर ते कोणाला वाटू नये.