आईबाबांना श्रीलंकेतली विहारं दाखवायचीत? मग प्लॅन असा करा

परदेशातलं बुद्धविहार म्हटलं की सगळ्यांच्या तोंडी आधी बँकॉक येतं, पण आईबाबांना पहिल्यांदाच न्यायचं असेल तर मी श्रीलंकाच सांगेन. मुंबईहून कोलंबो साधारण अडीच तासांची फ्लाइट, जेवायला वरणभात कुठेही मिळतो, आणि ज्यांच्या घरी रोजची वंदना आहे त्यांना तिथे उपरं वाटतच नाही, कारण पाली तीच, उच्चार जरासे वेगळे एवढंच.

सगळ्यात आधी गुडघ्यांचा विचार करा, नकाशा नंतर. सिगिरिया सरळ यादीतून काढा, बाराशेच्या आसपास पायऱ्या आहेत आणि मुळात तो राजाचा किल्ला, नंतर कधीतरी मित्रांबरोबर जा. अनुराधपूरजवळच्या मिहिंतलेच्या पवित्र टेकडीला १८४० पायऱ्या आहेत असं वाचून घाबरू नका, वरच्या पार्किंगपर्यंत गाडी जाते आणि निम्म्याहून जास्त चढ वाचतो, फक्त ड्रायव्हरला आधीच सांगून ठेवा नाहीतर तो खाली सोडून मोकळा. डंबुल्लाच्या लेण्यांना मात्र चढावंच लागतं, तेव्हा सकाळी लवकर, बसत बसत. वर पाच गुहा, पहिल्याच गुहेत खडकात कोरलेली १४ मीटरची निजलेली बुद्धमूर्ती, अजिंठा पाहिलेले बाबा तिथे लगेच तुलना करायला लागतील, करू द्या.

रूट सोपा ठेवा. कोलंबो एअरपोर्टवरून थेट अनुराधपूर, मग डंबुल्ला, मग कँडी आणि परत. ड्रायव्हरसकट गाडी ठरवा, बस-ट्रेनची हौस वयस्कर माणसांना घेऊन करू नका. अनुराधपूरला किमान दोन रात्री तरी हव्यातच, लोक एका दुपारीत उरकतात आणि तिथेच चुकतं.

कारण तिथली दुपार म्हणजे भट्टी. स्तूपाच्या आवारात चपला काढायच्या, टोपीही काढायची, आणि खालची फरशी एवढी तापते की माणूस अक्षरशः उड्या मारत चालतो. मोजे चालतात, जाड मोज्यांचा एकेक जोड सगळ्यांच्या बॅगेत टाकाच. सकाळी सातच्या आत किंवा उन्हं उतरल्यावर जा. जय श्री महाबोधी म्हणजे सम्राट अशोकाची लेक संघमित्रा हिने भारतातून नेलेल्या बोधिवृक्षाच्या फांदीचं झाड, इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातलं. नागपूरच्या दीक्षाभूमीवरचा बोधिवृक्ष याच झाडाच्या फांद्यांपासून वाढवलाय, भदंत आनंद कौसल्यायन यांनी त्या आणल्या होत्या. आईने दीक्षाभूमी पाहिली असेल तर हे तिला तिथे झाडासमोर उभं राहूनच सांगा, आधी नको. बाहेर कमळं विकायला असतात, घ्या, फक्त वास घेऊ नका, वाहायच्या फुलांचा आधी वास घेत नाहीत. मग आवारात पांढऱ्या कपड्यांतल्या बायका बसलेल्या असतात त्यांच्या जवळपास आईला बसू द्या आणि तुम्ही घड्याळ बघू नका. पुढे रुवनवेलिसायचा पांढराशुभ्र स्तूप चालत जाण्याएवढा जवळ आहे, चालवत नसेल तर गाडी फिरवून घ्या.

कपड्यांचं सोपं आहे, पांढरे किंवा फिके, खांदे आणि गुडघे झाकलेले. बाबांची हाफ पँट हॉटेलातच राहू दे. फोटोत बुद्धाकडे पाठ करून उभं राहायचं नाही, हा तिथे खरोखर अपमान समजतात आणि रक्षक येऊन टोकतो, तेव्हा सेल्फीवाल्या काकांना वेळीच आवरा.

कँडीत दंतधातूचं, म्हणजे बुद्धाच्या दाताचं मंदिर. रोज पहाटे, सकाळी आणि संध्याकाळी पूजा होते, साधारण साडेपाच, साडेनऊ आणि साडेसहा. ढोल-सनई सुरू झाली की वरच्या मजल्यावर रांग सरकते आणि दारातून सोन्याचा करंडक क्षणभर दिसतो, प्रत्यक्ष दात दिसत नाही, हे आईला आधीच सांगा नाहीतर एवढ्या लांब येऊन काय बघितलं म्हणून दिवसभर रुसवा. संध्याकाळी टुरिस्टांची रेटारेटी असते म्हणून मी पहाटेचीच पूजा सुचवेन, आपल्याकडची म्हातारी माणसं तशीही चारला उठलेलीच असतात. जुलै-ऑगस्टमधली एसल पेराहेरा मिरवणूक जबरदस्तच, पण फूटपाथवर तासन् तास बसणं त्यांना झेपत नाही. बाबासाहेब १९५० मध्ये जागतिक बौद्ध परिषदेसाठी श्रीलंकेला आले होते, बाबांना हा विषय काढून द्या, गाडीतला वेळ छान जातो.

तारखा बघताना पौर्णिमा तपासा. प्रत्येक पौर्णिमेला तिथे पोया, म्हणजे सरकारी सुट्टी, विहारं भरलेली आणि दारू बंद. साधी पोया मिळाली तर मुद्दाम साधा, पण पोसोनला, म्हणजे जूनच्या पौर्णिमेला, मिहिंतलेला गर्दीत म्हातारी माणसं नेऊ नका. ऑक्टोबर ते डिसेंबर अनुराधपूरकडे पाऊस, तोही टाळलेला बरा.

शाकाहारी असाल तर एक शब्द पाठ करा, उंबलकडा, म्हणजे सुक्या माशाचा चुरा. खोबऱ्याच्या चटणीत, कधी भाजीतही असतो, वरून कळत नाही. विचारूनच ताटात घ्या. इडियप्पम म्हणजे तांदळाच्या वाफवलेल्या शेवया आणि परिप्पू म्हणजे आपलं वरण, यावर दिवस निघतात, मध्ये शहाळं.

कागदपत्रांत पासपोर्ट सहा महिने तरी शिल्लक हवा, व्हिसाचे नियम बदलत असतात म्हणून निघण्याआधी सरकारी साइटवरच बघा. साठीच्या पुढच्यांचा ट्रॅव्हल इन्शुरन्स काढाच, त्यात आधीचं बीपी-शुगर लपवू नका. गोळ्या हातातल्या बॅगेत, डॉक्टरच्या चिठ्ठीसकट. बऱ्याच ठिकाणी सार्क देशांच्या लोकांना तिकिटात सवलत मिळते, त्यासाठी पासपोर्ट जवळ लागतो. यूपीआय २०२४ पासून चालतं, तरी फुलवालीसाठी सुट्टे पैसे ठेवा.

परतीची फ्लाइट रात्रीची असेल तर शेवटच्या दुपारी कोलंबोजवळचं केलनिया विहार करा, भिंतींवरची चित्रं सुंदर आहेत आणि चढ जवळजवळ नाहीच. फक्त कोलंबोचं संध्याकाळचं ट्रॅफिक धरून एअरपोर्टला दोन तास जादा ठेवा.