टाकीच्या सेन्सरची ५ व्होल्टची वायर थेट ईएसपी३२ला जोडू नका

सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे गच्चीवरच्या टाकीत किती पाणी उरलंय हे खाली बसून कळलं तर मोठी सोय होते. त्यासाठी बरेच जण एचसी-एसआर०४ (आवाजाच्या लहरींनी अंतर मोजणारा सेन्सर) आणि ईएसपी३२ (वायफायवाला छोटा कंट्रोलर बोर्ड) घेतात. पण सेन्सर ५ व्होल्टवर चालतो आणि त्याची इको पिन (मोजमापाचा सिग्नल देणारी) ५ व्होल्टच बाहेर टाकते. ईएसपी३२च्या पिना ३.३ व्होल्टच्या. थेट जोडलं तर कधी लगेच पिन जाते, कधी काही महिने चालून मग जाते, आणि हे दुसरं जास्त छळतं.

इकोच्या वायरमध्ये १ किलोओहमचा रेझिस्टर घाला. त्याच्या पुढच्या टोकापासून ग्राउंडला २ किलोओहम (१ किलोओहमचे दोन, एकापुढे एक). मधल्या जोडावरून ईएसपी३२ला वायर न्या. ती लावण्याआधी इकोऐवजी ५ व्होल्ट देऊन मधला जोड मल्टिमीटरने तपासा: ३.३च्या आसपास दिसलं पाहिजे. ट्रिग पिन (सेन्सरला मोजायला सांगणारी) सहसा थेट चालते. दोन्हींचं ग्राउंड मात्र एकत्र हवंच.

आय-टू-सी (दोन वायरींवर माहिती नेणाऱ्या) डिस्प्लेला ही युक्ती लावू नका. तिथे सिग्नल दोन्हीकडून जातो, म्हणून मॉसफेटवाला लेव्हल शिफ्टरच (५ आणि ३.३ व्होल्टमध्ये दोन्हीकडून सिग्नल बदलून देणारा छोटा बोर्ड) घ्या.