काळ्या कार्डावर पांढरा हलवा: संक्रांतीचं शिक्क्यांचं भेटकार्ड

चंद्रकळेवर हलव्याचे दागिने जसे उठून दिसतात, तसंच कार्ड करायचं. काळा जाड कागद, त्यावर पांढरे फुगीर ठिपके आणि एक पतंग. रंगीत कार्डं पुष्कळ होतात, पण संक्रांतीला काळ्याची मजा वेगळीच.

कागद २५० ते ३०० जीएसएमचा घ्या. ए-४ आकाराचा मधोमध कापला की दोन कार्डं निघतात. घडी घालण्याआधी पट्टी लावून, शाई संपलेल्या बॉलपेनने रेघ दाबून घ्या, म्हणजे घडीवर कागद फाटत नाही.

पतंगाचा शिक्का साध्या खोडरबरावर कोरता येतो. बटर पेपरवर मऊ पेन्सिलीने पतंग काढा, तो कागद रबरावर उलटा ठेवून नखाने घासा. चित्र रबरावर आपोआप उलटं उतरतं, म्हणजे छाप सुलटा येतो. लिनो कटरने, म्हणजे कोरायच्या छोट्या हत्याराने, रेषेबाहेरचं रबर काढताना पातं नेहमी बोटांपासून दूर ढकला. काठ खाली रुंद होत गेला पाहिजे. आतून पोखरला तर दोन-चार छापांत रेघ मोडते. अक्षरं मात्र कोरायला जाऊ नका. मी एकदा थेट रबरावर ‘गोड बोला’ लिहून दीड तास कोरत बसले आणि छापल्यावर ते आरशाशिवाय वाचता येईना! ऑफिसचे शिक्के करून देणाऱ्याकडे आपल्या हस्ताक्षरातला कागद द्या, तो शिक्का करून देतो. हलव्यासाठी शिक्का लागतच नाही, पेन्सिलीच्या मागचं रबर पुरतं.

आता खरं काम, एम्बॉसिंग, म्हणजे ओल्या छापावर पावडर टाकून ती तापवून वितळवायची, की छाप फुगीर होतो. यासाठी सावकाश सुकणारी पिगमेंट शाई किंवा पारदर्शक एम्बॉसिंग शाई हवी, कारण पावडर ओल्या शाईलाच चिकटते. आधी जुन्या सुती कापडाच्या पुरचुंडीत टाल्कम पावडर बांधून कार्डावर हलकेच थापटा. हे टाळलंत तर बोटं लागलेल्या जागी पांढरे कण चिकटतात आणि काळ्यावर ते लपत नाहीत.

शिक्का पॅडवर दाबू नका. शिक्का उताणा धरून पॅडच त्यावर टपटप लावा, शाई सारखी बसते. मग शिक्का सरळ खाली ठेवा, दाबा, सरळ वर उचला. जरा डोलवला की कडेला दुहेरी रेघ आलीच. लगेच पांढरी एम्बॉसिंग पावडर भरपूर ओता, जादाची घडी घातलेल्या कागदावर झटकून परत बाटलीत भरा. चुकार कण कोरड्या कुंचल्याने काढा.

हीट गन (गरम हवा सोडणारं हातातलं यंत्र) दहा सेकंद नुसती चालवून तापवा, मग चार-पाच सेंटीमीटरवरून कार्डावर धरा. क्षणभर काहीच होत नाही. मग एका कडेला रवाळ पावडर एकदम ओलसर, चकचकीत होते आणि ती चमक पुढे सरकत जाते. तिच्या मागोमाग गन न्यायची, थांबायचं नाही. जास्त तापलं तर फुगीरपणा कागदात जिरतो. हेअर ड्रायरने जमत नाही. तो पावडर उडवतो आणि तेवढा तापतही नाही.

आधी पतंग, मग अक्षरं, शेवटी हलवा, असे तीन वेळा छापून तापवा. ठिपके ओळीत नकोत, मूठभर सांडल्यासारखे हवेत. आतला मजकूर पांढऱ्या जेल पेनने लिहा. पाकिटात खरा हलवा घालायचा मोह आवरा, टपालात त्याची पिठी होते.

शिक्के लगेच ओल्या फडक्याने पुसा. खोडरबराचा शिक्का प्लास्टिकच्या डबीत ठेवू नका, महिन्या-दोन महिन्यांत तो डबीलाच चिकटतो. कागदात गुंडाळून पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवलात तर पुढच्या संक्रांतीला पतंग शाबूत सापडेल.