पंचगंगेचे बंधारे आणि नाणेफेक: अचूक संभाव्यता काढणारी छोटी भाषा कशी घडवावी

पावसाळ्यात कोल्हापुरात सकाळचा पहिला प्रश्न ठरलेला: राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर? ३९ फूट इशारा पातळी, ४३ धोका पातळी, हे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतं. आपण घडवणार ती छोटी प्रोग्रॅमिंग भाषा अशाच पाण्या-पावसाच्या शक्यता विचारण्यासाठी, आणि उत्तर मात्र नेमक्या अपूर्णांकातच हवं. हजारो नमुने काढून सरासरी घेण्याची पद्धत वाईट नाही, पण घटना दुर्मीळ असली की बहुतेक नमुने फेकूनच द्यावे लागतात.

पायरी १: आधी प्रश्न लिहा

भाषा असल्यासारखं कागदावर लिहून पाहा. नाणं(३/१०) म्हणजे दहात तीन वेळा 'खरं' पडणारं नाणं, आणि पाहिलं(...) म्हणजे ती गोष्ट खरी ठरल्याचं आपल्याला दिसलं. (आकडे सरावापुरते, माझ्या मनचे.)

पाऊस = नाणं(३/१०)
दरवाजे = पाऊस असेल तर नाणं(३/५), नाही तर नाणं(१/१०)
पातळी = दोन्ही खरे तर नाणं(४/५), एकच खरं तर नाणं(१/५), नाही तर खोटं
पाहिलं(पातळी)
उत्तर: पाऊस

राधानगरी धरणाचे दरवाजे स्वयंचलित, म्हणून ते पावसावर अवलंबून ठेवले. पाणी इशारा पातळीवर गेलेलं दिसलं, तर वर जोराचा पाऊस झाला असण्याची संभाव्यता किती, हा आपला प्रश्न.

पायरी २: काय नको ते ठरवा

नाणं, नाव देणं, जर-तर आणि 'पाहिलं', एवढ्यावर थांबा. अमर्याद लूप नको, सलग संख्या नकोत. मोह होतो, पण प्रोग्रॅम नक्की संपणार ही हमी याच काटकसरीतून मिळते.

पायरी ३: आधी मंद इंटरप्रिटर

इंटरप्रिटर म्हणजे आपल्या भाषेतला प्रोग्रॅम वाचून चालवणारा प्रोग्रॅम. त्याने प्रत्येक नाण्याच्या दोन्ही बाजू चालून पाहायच्या आणि वाटेतल्या संभाव्यता गुणायच्या. पायथनमध्ये अपूर्णांकांचं तयार मॉड्यूल आहे, तेच वापरा. मी दशांश वापरले आणि ०.१ + ०.२ चे ०.३००००००००००००...४ का होतात, हे शोधण्यात अख्खी संध्याकाळ घालवली.

वरच्या प्रोग्रॅममध्ये पातळी गाठणाऱ्या तीनच शक्यता उरतात: पाऊस आणि दरवाजे १४४, फक्त पाऊस २४, फक्त दरवाजे १४ (हजारात). बेरीज १८२, त्यात पावसाचे १६८. उत्तर १६८/१८२, म्हणजे १२/१३. शेवटचा हा भागाकार विसरणं ही नवशिक्यांची हमखास चूक. बेरीज शून्यच आली तर शून्य छापू नका, 'असं घडूच शकत नाही' अशी चूक दाखवा.

पायरी ४: वेग

खरी गंमत इथे. पंचगंगेवर राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ असे बंधारे ओळीने येतात. प्रत्येकाचं बुडणं फक्त वरच्या बंधाऱ्यावर अवलंबून धरा. सहा बंधाऱ्यांच्या ६४ अवस्था; असेच तीस असते तर १०७ कोटींहून जास्त. मंद इंटरप्रिटर इथे मान टाकतो.

पण शिरोळचा विचार करताना तेरवाड बुडाला की नाही एवढंच लागतं, रुईत काय झालं याची आठवण लागत नाही. हीच रचना पकडायला प्रोग्रॅमचं रूपांतर बायनरी डिसिजन डायग्राममध्ये, म्हणजे हो-नाहीच्या फाट्यांच्या आकृतीत, करतात: नाणं म्हणजे गाठ (जिथून दोन वाटा फुटतात), आणि सारखे दिसणारे उपभाग एकदाच साठवायचे. तीस बंधाऱ्यांना ५९ गाठी पुरतात. २०२० साली आलेली डाइस ही भाषा याच वाटेने जाते.

गाठींचा क्रम मात्र जपा. नाणी बंधाऱ्यांच्या क्रमाने वाचली तर गाठी सरळ रेषेत वाढतात. सगळी 'बुडाला तर'ची नाणी आधी आणि 'नाही तर'ची नंतर ठेवली, तर दर बंधाऱ्याला दुप्पट होत जातात. चांगला क्रम शोधणं अवघडच, आणि कुठलीही भाषा प्रत्येक प्रोग्रॅमला वेगवान करू शकत नाही. त्यामुळे प्रोग्रॅम लिहिला त्याच क्रमाने सुरुवात करावी, असं माझं मत.

पायरी ५: 'पाहिलं'ची गाठ

फंक्शनच्या आत 'पाहिलं' आलं की बाहेरच्या नाण्यांच्या संभाव्यताही बदलतात. म्हणून प्रत्येक तुकड्यातून दोन आकृत्या बाहेर काढा: एक उत्तराची, दुसरी 'पाहिलेलं सगळं खरं ठरलं का' याची. दोन्हींचा 'आणि' घ्या, त्याचं वजन (खऱ्यापर्यंत नेणाऱ्या सगळ्या वाटांच्या संभाव्यतांची बेरीज) मोजा, दुसरीच्या वजनाने भागा.

पायरी ६: तपासणी

छोटे प्रोग्रॅम आपोआप तयार करून मंद इंटरप्रिटर आणि आकृतीवाला वेगवान, अशा दोन्ही यंत्रणांतून चालवा. उत्तरं 'जवळपास' सारखी चालणार नाहीत: एकीकडे १२/१३ आलं तर दुसरीकडेही १२/१३ च.