इंजिनाची पुढची बाजू कोणती? असिस्टंट लोको पायलट होऊ इच्छिणाऱ्यांसाठी

चिपळूण, रत्नागिरी, कणकवली या भागांतील जी मुले-मुली आयटीआय किंवा डिप्लोमा करून असिस्टंट लोको पायलटच्या (रेल्वे इंजिनाच्या सहाय्यक चालकाच्या) भरतीची तयारी करीत आहेत, ती मला बहुधा संगणकीय परीक्षा, अभियोग्यता चाचणी आणि ए-वन दर्जाची वैद्यकीय तपासणी यांविषयीच विचारतात. ती माहिती कोठेही मिळते. निवड झाल्यावर नवख्यांचा गोंधळ उडतो तो मात्र फार साध्या वाटणाऱ्या विषयात, म्हणजे इंजिन पुढे आणि मागे कसे चालते यात.

रिक्षा किंवा ट्रकला असतो तसा वेगळा रिव्हर्स गिअर विद्युत इंजिनाला नसतो. चाके मोटरी फिरवतात आणि मोटर उलटी फिरली की इंजिन उलटे चालते. त्यामुळे दोन्ही दिशांना ते सारख्याच वेगाने धावू शकते. डब्ल्यूएपी-४ सारख्या जुन्या इंजिनात डी.सी. सिरीज मोटरी असतात. तेथे आर्मेचर (मोटरीचा फिरणारा भाग) आणि फील्ड (चुंबकीय क्षेत्र तयार करणारी गुंडाळी) या दोहोंतील प्रवाह एकदम उलटवला तर दिशा बदलतच नाही, दोहोंपैकी एकाचाच उलटवावा लागतो. तोंडी परीक्षेसाठी हा मुद्दा पक्का करून ठेवावा. नव्या डब्ल्यूएपी-७ इंजिनात थ्री-फेज मोटरी असल्याने इन्व्हर्टर, म्हणजे मोटरींना वीज पुरवणारे उपकरण, फेजचा क्रम बदलतो आणि दिशा पालटते. रिव्हर्सर, म्हणजे दिशा ठरवणारा दांडा, हलवायचा तो गाडी पूर्ण थांबल्यावर आणि थ्रॉटल (शक्ती कमी-जास्त करणारा दांडा) शून्यावर असतानाच.

यापुढचा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. डब्ल्यूएपी-७ ला दोन्ही टोकांना कॅब, म्हणजे चालकाची खोली, असते आणि आपण ज्या कॅबमध्ये बसतो तिच्या समोरची दिशा रिव्हर्सरच्या भाषेत ‘फॉरवर्ड’ ठरते. सावंतवाडी रोडला संपणारी गाडी परत निघण्यापूर्वी इंजिन सोडून, दुसऱ्या मार्गाने फिरवून डब्यांच्या दुसऱ्या टोकाला जोडले जाते, तेव्हा इंजिनाचे तोंड वळवावे लागत नाही. कर्मचारी कॅब बदलतात. पहिल्या कॅबमधील ब्रेकचे हँडल ठरलेल्या स्थितीत बंद करायचे, किल्ली काढायची आणि तीच किल्ली दुसऱ्या कॅबमध्ये लावायची, म्हणजे एका वेळी एकाच कॅबमधून इंजिन चालते. वरच्या तारेतून वीज घेणारा पँटोग्राफही साधारणपणे धावण्याच्या दिशेने मागचाच वर घेतात, कारण तो तुटला तर त्याचे तुकडे दुसऱ्या पँटोवर जाऊन आदळत नाहीत.

कोकण रेल्वेचे विद्युतीकरण २०२२ मध्ये पूर्ण झाले, तरी डिझेल इंजिनाचा अभ्यास टाळू नये. डब्ल्यूडीजी-४ ला एकच कॅब असते. शॉर्ट हूड, म्हणजे कॅबकडचा आखूड भाग, पुढे असताना समोरचे सर्व दिसते. लाँग हूड पुढे आले की इंजिनाचे लांबलचक धूड नजरेच्या आड येते, डोंगर कापून काढलेल्या वळणांवर एका बाजूचा सिग्नल लोको पायलटला उशिरा दिसतो आणि असिस्टंटने तो मोठ्याने सांगणे हे निव्वळ औपचारिक राहत नाही. शिवाय धुराडे कॅबच्या पुढे येते. करबुड्याच्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्यात त्याचा अर्थ काय होतो, हे वेगळे सांगायला नको.

असिस्टंटनंतरची पायरी बहुधा शंटिंगची, म्हणजे स्थानकात किंवा यार्डात डबे हलवण्या-जोडण्याची असते. मेल-एक्स्प्रेसचे स्वप्न पाहणाऱ्यांना ती कंटाळवाणी वाटते, पण माझ्या मते दिशेचे खरे शिक्षण तेथेच होते. डबे ढकलताना समोरचे काहीच दिसत नाही, सगळी भिस्त शंटिंग कर्मचाऱ्याच्या हातातील झेंडीवर किंवा दिव्यावर असते. वेगाची सर्वसाधारण मर्यादा ताशी १५ किलोमीटर आहे, आणि झेंडी दिसेनाशी झाली की गाडी थांबवायची.

प्रशिक्षक हमखास विचारतात असा एक नियम सांगतो. धावत्या मार्गावर पुढच्या कॅबमधील यंत्रणा निकामी झाली आणि मागच्या कॅबमधून गाडी न्यावी लागली, तर लोको पायलट मागे जात नाही. तो पुढेच थांबून सिग्नल पाहतो, मागे यंत्रणा हाताळतो तो पात्र असिस्टंट, आणि गाडीची जबाबदारी पुढे बसलेल्याचीच राहते.