भरपूर चाललेली मल्टिस्ट्राडा विकायचीये? मग आधी हे वाचा

स्प्लेंडर विकायची तर गल्लीच्या तोंडावर पाटी लावली तरी संध्याकाळपर्यंत तिघं येऊन जातात, डुकाटी मल्टिस्ट्राडासारख्या महागड्या, मोठ्या बाइकचं तसं नसतं. तिला गिऱ्हाईक मोजकं, आणि जे असतं ते तुमच्या-माझ्यासारखंच त्या गाडीवर रात्ररात्र वाचत बसलेलं असतं, त्यामुळे त्याला गंडवायला जाल तर पहिल्या दहा मिनिटांतच उघडे पडाल. उलट अशा माणसाला गाडी चाळीस-पन्नास हजार किलोमीटर चाललीये याचं काही वाटत नाही, त्याला भीती असते ती फक्त न सांगितलेल्या गोष्टींची. म्हणून गाडीचं सगळं बरंवाईट आधी स्वतःच कागदावर आणा, मग भाव सांगा, सगळी पद्धत या एका गोष्टीवर उभी आहे.

मी इथे मल्टिस्ट्राडा ९५० धरून लिहितोय, जी २०१७ मध्ये आपल्याकडे आली तेव्हा एक्स-शोरूमच साडेबारा लाखांच्या घरात होती. १२०० किंवा व्ही४ वाल्यांनी सर्व्हिसचं सगळं, डेस्मो-बेल्टसकट, आपापल्या मॅन्युअलमधून घ्या (व्ही४ ला टायमिंग बेल्टच नसतात), बाकी सगळं तेच.

आधी सर्व्हिसचा हिशेब

जाहिरात टाकायच्या आधी सर्व्हिसची बिलं तारखेप्रमाणे लावा आणि प्रत्येकाचा फोटो काढून एका फोल्डरमध्ये टाका. ९५० ला ऑइल सर्व्हिस दर १५,००० किलोमीटरला किंवा वर्षाला, यातलं जे आधी येईल ते, आणि मोठी डेस्मो सर्व्हिस ३०,००० ला. जाणकार माणूस फोनवर पहिला प्रश्न हाच विचारणार, "डेस्मो झालीये का? बेल्ट कधी बदलले?"

ज्यांना हे नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. साध्या इंजिनात व्हॉल्व्ह उघडायला कॅम असतो आणि बंद करायला स्प्रिंग, डेस्मोमध्ये बंद करायलाही वेगळा रॉकर असतो, म्हणजे एका व्हॉल्व्हला दोन क्लिअरन्स (फटी). ९५० च्या दोन सिलेंडरमध्ये मिळून आठ व्हॉल्व्ह, म्हणजे मेकॅनिकला सोळा ठिकाणी गेज घालून बघावं लागतं, कुठे फरक निघाला की शिम (पातळ चकत्या) बदलायचे, आणि त्यासाठी टाकी, एअरबॉक्स, पुढची प्लास्टिकं सगळं उतरवावं लागतं. खर्च पार्टपेक्षा मजुरीचा जास्त असतो तो यामुळे. कॅम फिरवणारे टायमिंग बेल्ट रबराचे, ते ३०,००० ला किंवा पाच वर्षांनी बदलायचे, गाडी नुसती पार्किंगमध्ये उभी असली तरी. "गाडी कमी चाललीये त्यामुळे बेल्ट नवेच आहेत" हे वाक्य जाहिरातीत लिहूच नका, वाचणारे हसतात.

डेस्मो जवळ आली असेल तर करून विकायची की तशीच विकायची? माझं मत विचाराल तर तशीच विका, पण शोरूमकडून लेखी एस्टिमेट आणून बिलांसोबत ठेवा आणि तेवढे पैसे भावातून सरळ कमी करा. घेणारा बऱ्याचदा आपल्या भरवशाच्या माणसाकडूनच ती करून घेतो आणि तुम्ही पदरमोड करून केलेल्या सर्व्हिसचे पैसे बाजारात पूर्ण वसूल होत नाहीत. बेल्टची मुदत मात्र उलटून गेली असेल तर ते बदलूनच टाका, कारण बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह वाकतात, आणि असली गाडी टेस्ट राइडला देणं म्हणजे विकतचं दुखणं. डॅशवर सर्व्हिसचा मेसेज येत असेल तर येऊ दे. तो कंपनीच्या डायग्नोस्टिक टूलने जातो, आणि सर्व्हिस न करता कुणाकडून तरी नुसता घालवून घेतलेला मेसेज पुढे कधीतरी बाहेर येतोच.

मग गाडी धुवा, पण चमकवू नका

नुसतं पाणी आणि शाम्पू. प्लास्टिकला तेलकट पॉलिश फासलं की अनुभवी माणसाला लगेच शंका येते की हा काय झाकतोय. चेन साफ करा, ल्यूब करा आणि मागच्या स्प्रॉकेटच्या पार मागच्या टोकाला चेनची एक कडी बोटाने धरून बाहेर ओढून बघा. दात अर्धाअधिक उघडा दिसला तर चेनसेट संपत आलाय, लिहून टाका. पुढच्या फोर्कच्या चकचकीत नळीवरून स्वच्छ बोट फिरवा, तेलाचा ओला पट्टा उमटला तर सील गेलंय. घाटात आणि खडीवर फिरलेल्या गाडीला हे होतंच, त्यात लाजण्यासारखं काही नाही. गाडी सेंटर स्टँडवर घ्या, कुणाला तरी मागून दाबायला सांगून पुढचं चाक उचला आणि हँडल हळूहळू एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला न्या, मधोमध अडकल्यासारखं वाटलं तर स्टिअरिंगचे बेअरिंग गेलेत. मागचं चाक वर खाली हलवून सस्पेन्शनच्या लिंकेजचा खुळखुळ तपासा.

टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, ३५२१ असेल तर २०२१ सालचा पस्तिसावा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी पाच-सहा वर्षं जुना टायर घेणारा बदलणारच, आणि १९ इंची पुढचा नि १७ इंची मागचा मिळून रक्कम लहान नसते.

पडझड झालेली असेल तर तिचीही यादी करा. उभ्या उभ्या आडवी झालेली गाडी आणि वेगात घसरलेली गाडी यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, हे घेणाऱ्यालाही कळतं. सव्वादोनशे किलोंची, सीट ८४० मिलिमीटर उंच अशी गाडी लडाख-स्पिती करून आली आणि एकदाही आडवी झाली नाही असं कुणी सांगितलं तर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

भाव

इथे बहुतेकांचं घोडं अडतं. तुम्ही गाडीवर किती घातले याला बाजारात काडीची किंमत नाही. बॅगा, क्रॅश गार्ड, जादा लाइट, उंच विंडस्क्रीन, बाहेरून घेतलेला आफ्टरमार्केट सायलेन्सर यांची बेरीज करून ती भावात घालणारे लोक गाडी वर्षभर विकत बसतात. त्यापेक्षा स्टॉक (कंपनीचे मूळ) पार्ट जपून ठेवले असतील तर गाडी स्टॉक करा आणि सामान सुटं विका, त्याला वेगळं गिऱ्हाईक असतं नि पैसेही जास्त येतात. कडक आवाजाचा सायलेन्सर तर काढाच, पोलिसांनी धरला तर दंड गाडीच्या नंबरवर, आणि नंबर अजून तुमच्या नावावर.

भाव काढायचा तर त्याच वर्षाच्या, त्याच पासिंगच्या गाड्या *विकल्या* कितीला गेल्या ते ओळखीत विचारा. जाहिरातीतला आकडा ही मालकाची इच्छा असते. त्या रकमेतून येऊ घातलेली डेस्मो, टायर, चेनसेट, संपत आलेला इन्शुरन्स वजा करा, वर घासाघिशीसाठी थोडी जागा ठेवा, झालं. पासिंगचं विसरू नका. महाराष्ट्रातला माणूस "एमएच पासिंग आहे का?" हे विचारणारच, कारण बाहेरच्या राज्याची गाडी असेल तर त्याला एनओसी, नवा नंबर आणि इथला रोड टॅक्स हे सगळं भरावं लागतं, आणि इम्पोर्टेड मोठ्या गाडीवर तो टॅक्स हलका नसतो. तुमची गाडी बाहेरची असेल तर जाहिरातीच्या दुसऱ्या ओळीत लिहा, घरी बोलावून सांगू नका.

जाहिरात

कवितेची गरज नाही. मॉडेल, वर्ष, किलोमीटर, कितवा मालक, पासिंग, इन्शुरन्स कधीपर्यंत, लोन आहे की नाही, शेवटची सर्व्हिस किती किलोमीटरला, बेल्टची तारीख, सोबत काय देणार, भाव. आणि खाली "खटकणाऱ्या गोष्टी" म्हणून वेगळी यादी. उदाहरण देतो:

"डाव्या बाजूच्या पॅनिअर बॅगवर ओरखडा (फोटो क्र. ९), पुढचा टायर २०२० चा, मागचा ब्रेक पहिल्यापासूनच जरा मऊ, फ्युएल गेज अधूनमधून चुकीचं दाखवतं, दोन्ही चाव्या आहेत पण एकीचं प्लास्टिक तुटलंय."

असली यादी वाचून निम्मे फोन येतच नाहीत, आणि जे येतात ते खरे असतात. फोटो सकाळच्या उन्हात, सावलीची बाजू न ठेवता काढा, चारी बाजू, ओडोमीटर इंजिन चालू असताना, टायरची तारीख, स्प्रॉकेट, फोर्क, इंजिनखालची बॅश प्लेट, आणि प्रत्येक ओरखडा जवळून. आरसीचा फोटो टाकायचाच असेल तर चासी नंबर, पत्ता झाका.

टाकायची कुठे? आधी आपल्या रायडिंग ग्रुपवर, मग डुकाटीवाल्यांच्या क्लबात, डेस्मो ओनर्स क्लब मोठ्या शहरांत आहेत आणि तिथे कुणाचा तरी भाऊ, कुणाचा तरी मित्र मल्टी शोधतच असतो. रविवारी सकाळी लोणावळ्याच्या जुन्या हायवेवर नाश्त्याला थांबणाऱ्या घोळक्यात गाडी घेऊन गेलात तरी तोंडी जाहिरात होते. उघड्या साइटवर सगळ्यात शेवटी टाका, आणि तिथे "मी आर्मीत आहे, पोस्टिंग लांब आहे, क्यूआर पाठवतो तो स्कॅन करा म्हणजे पैसे तुमच्या खात्यात येतील" असं कुणी म्हणालं की ब्लॉक. स्कॅन केल्यावर पैसे जातात, येत नाहीत.

"लास्ट प्राइस काय?" एवढाच मेसेज येतो त्याला मी एकच उत्तर देतो, गाडी बघून जा मग बोलू. ऐंशी टक्के तिथेच गळतात.

बघायला येतात तेव्हा

इंजिन गार ठेवा आणि तसं आधीच सांगून ठेवा. आल्या आल्या माणूस इंजिनच्या केसवर हात ठेवून बघेल, बघू दे. त्यालाच स्टार्ट मारू दे. पेट्रोल कुठलं घातलं हे सध्या विचारतातच, एप्रिल २०२३ च्या आधीच्या गाड्या आणि ई२० (वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल) यांवरून लोकांच्या मनात धाकधूक आहे, जे घालत आलात ते खरं सांगा.

टेस्ट राइडचं मात्र कडक असू द्या. लायसन्स बघा, फोटो घ्या, हेल्मेट-जॅकेट-ग्लोव्ह नसेल तर नाही म्हणा, तुमचा इन्शुरन्स चालू आहे ना ते बघा. आणि पाडली तर भरपाई कुणाची हे आधी व्हॉट्सॲपवर एका ओळीत लिहून समोरच्याचं "ओके" घ्या. तोंडावर बोलायला अवघड वाटतं, पण खरा रायडर याचं वाईट वाटून घेत नाही, तो स्वतःची गाडी विकताना हेच करतो. त्याने आणलेली गाडी आणि तिची चावी तुमच्याकडे राहू द्या. पहिल्यांदा मोठी गाडी घेणारा आला असेल तर आधी थोडा वेळ मोकळ्या पार्किंगमध्ये पुढेमागे करायला लावा, ११३ हॉर्सपॉवर आहे, रायडिंग मोड अर्बनवर टाकून द्या.

घेणाऱ्याला त्याच्या मेकॅनिककडे किंवा शोरूममध्ये तपासणी करायची असेल तर आनंदाने हो म्हणा, खर्च त्याचा, गाडी घेऊन तुम्ही जा.

पैसे आणि कागद

टोकन घेतलं की पावती द्या, त्यावर किती दिवसांत उरलेले पैसे आणि नाही दिले तर टोकनचं काय ते लिहा. उरलेली रक्कम बँकेतूनच घ्या, एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं इन्कम टॅक्सच्या कायद्यात बसत नाही आणि दंड रोख घेणाऱ्याला, म्हणजे तुम्हाला होतो. पैसे खात्यात दिसल्याशिवाय चावी नाही, स्क्रीनशॉटवर तर अजिबात नाही.

लोन असेल तर आधी बँकेचं एनओसी आणि फॉर्म ३५ ने आरसीवरचा बोजा उतरवून घ्या. ट्रान्सफरला फॉर्म २९ दोन प्रतीत आणि फॉर्म ३०, सोबत आरसी, इन्शुरन्स, पीयूसी, दोघांचे ओळखपत्र-पत्त्याचे पुरावे. गाडी दुसऱ्या आरटीओत किंवा राज्यात जाणार असेल तर फॉर्म २८ ची एनओसी. ई-चलान आधीच भरून टाका, आणि गाडी १ एप्रिल २०१९ च्या आधीची असेल तर एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबरप्लेट बसवलीये का बघा, नाहीतर आरटीओत काम तिथेच अडकतं.

"सह्या करून देतो, तुम्ही नंतर करून घ्या" हे मित्राच्या मित्रालासुद्धा करू नका. मोटार वाहन कायद्यात राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, आणि २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलंय की अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव आहे त्याची, गाडी चार हात फिरून गेलेली असली तरी. म्हणून अर्ज सरकारच्या 'वाहन' पोर्टलवर तुमच्यासमोर भरा, फी भरल्याची पावती स्वतःकडे ठेवा, आणि डिलिव्हरीच्या कागदावर तारीख, वेळ, ओडोमीटरचा आकडा आणि दोघांच्या सह्या. वेळ लिहायला विसरू नका, त्याच संध्याकाळी कॅमेऱ्याने पकडला तर चलान कुणाचं यावर वाद होत नाही.

दोन्ही चाव्या, मॅन्युअल, टूलकिट, स्टॉक सायलेन्सर, बिलांचं फोल्डर सगळं त्याच वेळी देऊन टाका. फोनची ब्लूटूथ जोडणी काढा.

शेवटचं राहिलं ते इन्शुरन्स. पॉलिसी त्याच्या नावावर करायला त्याला सांगा, १४ दिवसांत अर्ज करायचा असतो. थर्ड पार्टी आपोआप जाते पण ओन डॅमेज (गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचं कव्हर) तशी जात नाही, हे लोकांना क्लेम करतानाच कळतं. आणि नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट) गाडीचा नसतो, तुमचा असतो, कंपनीकडून त्याचं सर्टिफिकेट मागून घ्या, तीन वर्षांत पुढची गाडी घेतलीत तर तिथे लागेल.